राज्याच्या हाताला की केंद्राच्या?

एक गुळाची काहील. वनखात्याचा गोल शिक्का. मिशा लावलेलं गवत. एक राखी, थोडी भिजलेली. आणि एक पूल — जो नाही.

बुवा, हे काय मांडलंय, असं पुढच्या रांगेतले आबा डोळ्यांनीच विचारतायत. थांबा आबा, सगळं एकाच नदीत पडणार आहे. आधी सवाल घ्या — माणसाला स्वतःची सही ओळखू येते का? नक्की? मग ऐका, मंडळी.

नदीच्या अलीकडे भुजंगराव टेकाळे, राज्याचे बांधकाममंत्री. पलीकडे त्यांची थोरली बहीण, वेणूआक्का. मधे पूल नाही. म्हणून आक्का राखीपौर्णिमेला काहिलीत बसून येते. होडी नव्हे हो — उसाचा रस उकळायची कढई! ओवाळणी एकच मागते, "भुजंगा, पूल दे. थोरल्या सुनेचे दिवस भरत आलेत. काहिलीत कळा घ्यायच्या का तिनं?"

पलीकडची जमीन वनाची, म्हणजे परवानगी दिल्लीची. भुजंगरावांनी कडक पत्र लिहिलं — केंद्राने विनाविलंब परवानगी द्यावी. शाबास.

आता गंमत बघा. निवडणूक आली, भुजंगराव दिल्लीत. खातं कोणतं? — वनखातं. टाळ्या नका वाजवू, पुढे आहे. टेबलावर पहिली फाइल तीच.

"साहेब, पत्र आपलंच आहे," सचिव म्हणाले.

"ते मी राज्यात होतो तेव्हाचं. आता मी केंद्र आहे. एकाचं ऐकलं तर सगळीच राज्यं येतील."

शेरा मारला — प्रस्ताव त्रोटक, सही संशयास्पद, परत पाठवा. खाली वनखात्याचा गोल शिक्का.

तीन वर्षांनी साहेब पुन्हा राज्यात, त्याच खुर्चीत. समोर तो शेरा. वाचला आणि लाल झाले.

"कोण हा दिल्लीतला दीडशहाणा? मोर्चा काढा. पुतळा जाळा त्याचा."

कार्यकर्त्यांनी गवत भरलं, टोपी घातली, मिशा लावल्या. एकजण हळूच म्हणाला, "साहेब, चेहरा ओळखीचा वाटतोय."

"नाक अजून मोठं करा," साहेब म्हणाले, आणि काडी लावली.

तेवढ्यात पदर पिळत आक्का आली. हातात राखी.

"भुजंगा, थोरलीचं काहिलीतच झालं. आता धाकटीचे दिवस भरलेत. कोणत्या हाताला बांधू? राज्याच्या की केंद्राच्या?"

साहेबांनी दोन्ही हात पाहिले. मग मागे घेतले. "आक्का, हे लेखी दे."

आक्काने पुतळ्याच्या उरलेल्या मनगटाला राखी बांधली आणि नदीकडे चालू लागली.

हसलात ना? आता घरी जा. आईचा चष्मा मोडून महिना झालाय. थोरला म्हणतो, धाकटा बघेल. धाकटा म्हणतो, तो विषय दादाचा. तुमच्या घरात केंद्र कोण आहे? हात वर करा. कोणताही चालेल.

चौथी ते सातवी भुजंगराव याच काहिलीत बसून अलीकडच्या शाळेत यायचे. कड धरून, पोहत, ती ढकलायची आक्का.