मुठीवरचा डाग

लाकडी सामान दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात एक काकू मोडक्या पायाची खुर्ची घेऊन उभ्या होत्या. रांगेत त्यांच्या पुढे एक बहीण-भाऊ होते आणि त्यांच्या हातात बिलियर्ड्ससारखा ‘पूल’ खेळायची नक्षीदार काठी.

“दादा, ही तू नुसती काचेत ठेवणार? बाबांनी खेळायलाच घडवून घेतली होती ना?”

“अगं, घडवणारा कारागीरही गेला आता. मोडली तर दुसरी आणायची कुठून?”

“बाबांनी कुठे एवढी जपली?”

“म्हणूनच तर! मुठीवर बघ, त्यांच्या घामाचा डाग आहे. तू खेळलीस की तो पुसला जाईल.”

“मी धरते ना, तेव्हा माझा अंगठा बरोब्बर त्या डागावरच बसतो.”

“काहीतरीच. दाखव बरं.”

“हे बघ.”

काकूंनी आवाज न करता खुर्ची खाली टेकवली.

“बोला साहेब,” दुकानदार म्हणाला, “पॉलिश करायचं की टोकाला नवं चामडं बसवायचं?”

“चामडं बसवा. मुठीला मात्र हात लावू नका.”

“दादा! पहिला डाव तुझा हं.”

“वेडी आहेस का? मला कुठे खेळता येतं?”

“बाबांना तरी कुठे येत होतं?”