बापूंनी वाचून केलेली सही

लेझर करून चष्मा घालवायचाय ना, मग आधी आमच्या शेजारच्या बापूंचं ऐक. चाकणच्या कंपनीत ते क्वालिटीला आहेत. कागदावर एक सही राहिली तरी अख्खा ट्रक परत पाठवतात. सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी लेझर करून लांबचा नंबर घालवला आणि चष्मा सगळ्यांदेखत कचऱ्यात टाकला. महिन्याभरानं मला घेऊन तरातरा दवाखान्यात गेले.

“मॅडम, फसवलंत. जवळचं वाचता येत न्हाई.”

डॉक्टरबाईंनी त्यांचाच फॉर्म पुढे केला. “चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागतो, हे यात लिहिलंय. खाली ‘वाचून सही केली’ असंही आहे. सही तुमचीच ना?”

बापूंनी फॉर्म हातभर लांब धरला, मग माझ्याकडे वळले.

“भावा, तुझा वाचायचा चष्मा दे. वाचल्याबिगर मी काय मान्य करत नसतो.”