बाहेरचं वर्तुळ

—तर मी काय सांगत होतो, गोचीड. हसू नका मावशी, खरंच गोचीड. तुमच्याकडं नामपूरला म्हशींच्या कानात असतात ना, तीच — म्हणजे तीच नाय, तिची हिमाचलमधली चुलत बहीण. आत्ता आत गेली ना, निळ्या ओढणीची, काठी टेकत, ती माझी मोठी बहीण. मनीषा. आम्ही तायडी म्हणतो. आणि फाईल छातीशी धरून मागनं गेले ते आमचे अण्णा. एकाच नातेवाइकाला आत सोडतात, म्हणून मी बाहेर. मीच म्हटलं अण्णांना, तुम्ही जा. मला नाय जायचं. — का नाय? हाय जरा. बसा हो, तुमचा गुडघा काय पळून जात नाय. हे डॉक्टर मुंबईहून महिन्यातनं एकच रविवार येतात, त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्याचे सांधे ह्या बाकड्यावर. मघाशी सिस्टरनी तुम्हाला तीनदा नाव विचारलं, तुम्ही ढिम्म. कानाला कमी हाय का? असं होय. मग बरंच झालं. मग सांगतो.

अठ्ठ्याण्णव साल. तायडी एस.वाय.ला. कॉलेजची ट्रिप निघाली हिमाचलला, मे महिन्यात, डोंगर चढायला. आम्ही मखमलाबादची झेंडू न् शेवंती लावणारी माणसं, आमच्यात चढायचं ते टेम्पोत. आई म्हणाली, त्र्यंबकला ब्रह्मगिरी हाय की, तो चढ न् संध्याकाळी घरी ये. पण अण्णांनी पाठवलं. पंधरा दिवसांनी आली ती काळी ठिक्कर होऊन, आणि गुडघ्याच्या मागं एक तीळ घेऊन. तो तीळ हलायला लागला तेव्हा कळलं, तीळ नाय तो. मेंढपाळांच्या झोपडीत मुक्काम केलेला म्हणे. आईनं चिमटीत धरून उपटली, चुलीत टाकली, विषय संपला. मग आठ-दहा दिवसांनी तिथं लाल चट्टा उठला. गोल. पुरीएवढा. मधनं फिका पडत गेला न् कडेनं लाल राहिला. दुखेना, खाजेना, अंगात कणकण तेवढी. तायडी म्हणाली, उद्या जाऊ डॉक्टरकडं. आजच गेली असती ना मावशी — एक दिवस आधी — तर तुम्ही न् मी इथं बोलत नसतो.

मी पंधरा वर्षांचा. दहावीचा निकाल लागायचा होता, हाताला काम नाय, न् माझी ख्याती तुम्हाला माहीत नाय. आमच्या शेजारच्या सावळीराम काकांच्या बोकडाच्या नावानं मी मतदार यादीचा फॉर्म भरलेला — वय अठरा पूर्ण, व्यवसाय शेती — आणि चौकशीला खरोखर माणूस आला होता, बोकडाला घरी आहे का म्हणून विचारत. मी हसत नाय कधी. तेच माझं भांडवल. तोंड असं दगडासारखं ठेवायचं. तर दुसऱ्या दिवशी दुपारी तायडी पालथी झोपलेली, अंगात कसर, आणि पायावर ते वर्तुळ. इतकं सुबक! मला वाटलं, ह्याला अजून एक पाहिजे. लाल स्केचपेन आणला, आधी हाय त्याच कडेवरनं गिरवलं, नीट, जीभ बाहेर काढून, मग बोटभर जागा सोडून बाहेरनं दुसरं काढलं. मधी ठिपका. कॅरमच्या मधोमध असतं ना, तसं. राणी ठेवायची तेवढी बाकी होती.

तायडी उठली. आईनं बघितलं न् जी किंचाळली — एका दुपारत दुप्पट झालं म्हणून! लगेच रिक्षा. मी पण बसलो, मजा बघायला. सांगणार होतो हो, आईशप्पथ, रिक्षातच सांगणार होतो, पण आई सप्तशृंगीला नवस बोलत होती, आणि नवस चालू असताना असलं काही सांगितलं तर मार दुप्पट पडतो. म्हटलं दवाखान्यात सांगू. दवाखान्यात डॉक्टरांनी चष्मा वर केला, खाली केला. मग कापसाचा बोळा घेतला, स्पिरिट लावलं न् पुसलं. बोळा लाल. तो त्यांनी आईला दाखवला, मग तायडीला दाखवला. म्हणाले, "काय गं, कॉलेज बुडवायचं होतं का?" सुट्टी चालू होती मावशी! सुट्टीत कोण कॉलेज बुडवतं? पण आई तिथंच तिच्या मुस्कटात देऊन मोकळी. तायडी म्हणतेय, मी नाय काढलं, मी नाय काढलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर एक गाढव उभं होतं. त्याचं तोंड मला अजून आठवतंय. — पुसल्यावर? हां. हा प्रश्न नऊ वर्षांत कोणी विचारला नाय. पुसल्यावर बाहेरचं गेलं, ठिपका गेला. आतलं होतं तिथंच होतं. पण एकदा लबाडी सापडली म्हटल्यावर खाली काय उरलं ते बघतो कोण? डॉक्टर केसपेपर लिहायला लागलेले. — थांबा. थांबा थांबा. तुम्ही विचारलंत. म्हणजे ऐकू येतंय तुम्हाला! मग सिस्टरला का — नाव सांगायचं नव्हतं? का बरं? — बरं, नका सांगू. माणसाचं असतं काहीतरी. आता काय, निम्मं तर सांगून झालंय.

केसपेपरवर तीन ओळी, इंग्लिशमधी. वर्तुळ पेनने काढलेले. मॅलिंगरिंग. धीर द्यावा. बस. अण्णांना वाटलं, मधलं आजाराचं नाव. गावभर सांगितलं, पोरीला मॅलिंगरिंग झालंय, त्याला औषध नसतं. मी शाळेतल्या डिक्शनरीत बघितलं. आजाराचं सोंग. अण्णांना अर्थ सांगायचा म्हणजे पुढचंही सांगावं लागलं असतं, म्हणून मी डिक्शनरी मिटली. त्या दिवाळीत तायडीचा गुडघा नारळाएवढा सुजला, सुईनं पाणी काढलं, परत भरला. नवीन डॉक्टर आला की अण्णा फाईल उघडणार न् पहिलाच कागद पुढं करणार — साहेब, आधीचं निदान बघून घ्या. अकरा डॉक्टर झाले. अकराच्या अकरा जणांनी तो कागद वाचला न् पुढं तायडीच्या पायाकडं कोणी बघितलं नाय. वात असेल, मनावर घेते, लग्न करून टाका. एका सकाळी तिचं तोंड वाकडं झालं, डावा डोळा मिटेना, चहा पिताना एका बाजूनं ओघळायचा. आईनं कबुतराचं रक्त चोळलं — कबुतर मीच पकडलेलं — आणि डॉक्टर काय म्हणाले? कागद बघून म्हणाले, मुद्दाम करते. मी घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो. मी गावातला नंबर एक नकलाकार. तोंड तसंच्या तसं वाकडं केलं न् घड्याळ लावलं. चार मिनिटं. चार मिनिटांत माझे गाल थरथरायला लागले. तिनं दोन महिने केलं होतं ते, झोपेत सुद्धा.

कागद फाडायचं माझ्या मनात नव्हतं, असं नका समजू. रोज ठरवायचो. दोन हजार दोनमधी सीबीएस बसस्टँडजवळ मी झेरॉक्स न् लॅमिनेशनचं दुकान टाकलं. बोहनीला कोण? अण्णा. "जीवन, हा कागद घड्यांवर फाटायला लागलाय, पोरीच्या आजाराचा मूळ कागद आहे, पक्का करून दे." मशीन नवीन, हात नवीन. आदल्याच दिवशी त्या मशीननं माझ्या स्वतःच्या मार्कशीटचा पापड केला होता. म्हटलं, देव हाय. घातला कागद. मनात म्हणतोय, जळ, जळ, जळ. आला बाहेर — एक फुगा नाय, एक सुरकुती नाय. आजपर्यंत माझ्या हातनं झालेलं सगळ्यात चांगलं लॅमिनेशन. अण्णांनी पाठ थोपटली माझी.

मागच्या वर्षी चिकुनगुन्या आला तेव्हा तुम्हाला झालता का? झालता ना. सगळ्यांना झालता. अख्खं मखमलाबाद भिंती धरून चालत होतं. तायडी त्या वर्षी सुखात होती मावशी. लोक घरी यायचे, ओट्यावर बसायचे, म्हणायचे, मनीषा, असं दुखतं होय गं? ती म्हणायची, असंच. सगळे बरे झाले. ती नाय झाली. मग लोक परत म्हणायला लागले, पोरगी ताणतेय. तेव्हा ती नेटकॅफेत बसायला लागली. एक दिवस दुकानात आली, फ्लॉपी दिली, म्हणाली, ह्यातलं एक चित्र रंगीत काढून दे. मशीन सावकाश ओढत होतं. आधी पोटरी आली, मग गुडघा, मग वर्तुळ. कडेनं लाल, मधनं फिकं. तेच. मी काढलेलं नाय, मी ज्याच्यावरनं गिरवलं ते. खाली नाव, लाइम डिसीज. गोचिडीनं होतो. चट्टा, गुडघा, वाकडं तोंड, विसरभोळेपणा — सगळं ओळीनं, जसं काय आमच्या घरी राहून लिहिलंय. तायडी चित्र हातात घेऊन म्हणाली, "असंच होतं बघ माझं. पण माझं तर पेनाचं निघालं ना." मग जरा थांबली. मला म्हणाली, "जीवन, मीच काढलं असेल का रे? तापात? मला आठवत नाय असं होतं हल्ली." आणि मी — मशीनकडं बघून — म्हटलं, "असेल."

असेल म्हटलं मी.

पाणी हाय का तुमच्याकडं? — नको, राहू द्या, पितो नंतर. तर इथल्या एका डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, हा आजार अमेरिकेत असतो, तिथली गोचीड काय व्हिसा काढून आली का? रक्त मुंबईला पाठवलं. रिपोर्ट आला, ना धड हो ना धड नाय. मग ह्या डॉक्टरांना तायडीनं पत्र लिहिलं, चार पानी. ह्यांचा फोन आला — रक्तावर मी जाणार नाही, तो चट्टा तेव्हा कुणा डॉक्टरनं बघितला असेल तर त्याचा कागद आणा. तो कागद पटला तर महिनाभर शिरेतनं औषध. नाय पटला तर परत धीर द्यावा. अण्णा तर उड्याच मारायला लागले — कागद आहे ना! पक्का करून ठेवलाय!

मग मी नवीन केला. काय करू? जुना स्कॅन केला, वरचं नाव-पत्ता ठेवला, अक्षरं पुसली, प्रिंट काढली, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवली, न् त्याच डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं — गोल लाल चट्टा, मधे फिका, कीटकदंशानंतर दहा दिवसांनी — न् जुन्यासारखंच लॅमिनेशन मारलं, अण्णांना कळू नये म्हणून. सगळं खरं लिहिलंय मावशी, एक शब्द खोटा नाय. फक्त कागद खोटा. काल रात्री फाईलमधी बदलला. खरा इथं हाय, शर्टाच्या आत. वाकलो की टोचतो.

— काय हो? मनीषा पाटोळेचे नातेवाईक, हो, मीच. नंबर? कुठल्या डॉक्टरांचा? — का पण? — डायरी घरी हाय. बघतो. अहो, बघतो म्हटलं ना.

ऐकलंत? कंपाउंडर काय म्हणाला ऐकलंत ना? आतले डॉक्टर कागद बघून खूश झालेत. म्हणतायत, नऊ वर्षांपूर्वी नाशकात हे इतकं नेमकं टिपलं, त्या माणसाला फोन लावून अभिनंदन करतो. अभिनंदन! ते डॉक्टर अजून आहेत मावशी, ठणठणीत आहेत, सकाळी पंपिंग स्टेशनपर्यंत चालत जातात, आणि ती लाल बोळ्याची गोष्ट अजून लोकांना सांगतात, मी स्वतः ऐकलीय. आता ते फोनवर सांगणार. म्हणजे आधी चट्टा खोटा, आता कागद खोटा. दोनदा सोंगाडी ठरणार ती, आणि दोन्ही वेळा माझ्या हातनं. — सांगून टाकू? हां, सोपं हाय म्हणायला. आणि सांगितलं तरी — बरं, असं बघा. तो चट्टा नीट बघितलाय कोणी? आईनं किंचाळत. डॉक्टरांनी बोळ्यातनं. तायडीला स्वतःच्या गुडघ्याच्या मागचं दिसत नाय. जवळनं, कडेकडेनं, एकच माणूस. मी. त्यांना कागद कशाला पाहिजे, साक्षीदार इथं बसलाय. पण मग अण्णा आत बसलेत ना. अण्णा, नऊ वर्षं तो कागद पुढं करणारे.

आणि तायडीला तर तो कागद पाठ हाय. घड्या कुठं होत्या ते सुद्धा. डॉक्टरांच्या हातात तिनं बघितला असेल नवीन, तेव्हाच ओळखला असेल, आणि ती गप्प बसलीय. कधीपासून आत हाय ती? वीस मिनिटं? वीस मिनिटं ती गप्प — काय? खुणा काय करताय? माझ्या मागं —

तायडे.

बस ना. — नको? बरं. — हो, तो मी केलाय. — खरा हा. घे. — का म्हणजे. तू नव्हतं काढलं, म्हणून. मी काढलं. तू झोपलेली. बाहेरचं फक्त, न् ठिपका. आतलं तुझंच होतं, तायडे. आतलं खरं होतं, मी बघितलंय, मी त्याच्यावरनंच गिरवलं. — माहीत होतं. हो. तू चित्र आणलंस तेव्हा पण. त्याच्या आधी पण. रिक्षात बसलो तेव्हापासून.

मनगट कशाला धरलंस? लोक बघतायत.

— आत? आत्ता? अण्णांसमोर? — येतो. येतो म्हटलं ना, मनगट सोड, नाय पळत. — मावशी, पाय घ्या जरा.