कापलेली कॉईल आणि नेद्याल्काबाईंचा खडू

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वीजतंत्र शाळेचे मुख्याध्यापक माननीय वेल्कोवसाहेब, व्यासपीठावर विराजमान शिक्षणाधिकारी श्रीमती बोझिलोवा, सत्कारमूर्ती नेद्याल्काबाई, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी आणि मागच्या रांगेत चीज भरलेल्या बानित्साच्या ताटांवर नजर ठेवून बसलेले रसिकहो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. चौतीस वर्षं बाईंनी इथे मुख्यतः एकच गोष्ट शिकवली. व्होल्टला अँपिअरने भागा, प्रतिकार मिळेल. व्होल्ट आणि अँपिअर गुणा, वॅट मिळतील. एवढं सोपं शिकायला कुणाला वेळ लागावा? मला लागला. आणि मी तेव्हा विद्यार्थी नव्हतो हो, याच शाळेत कार्यशाळेचा मास्तर होतो!

सव्वीस वर्षांचा होतो, नेमणूक वर्षभराची कच्ची. सोमवारी माझ्याबद्दलचा बाईंचा अहवाल जायचा होता आणि नोकरी पक्की होणार की घरी बसायचं, ते त्यावर ठरणार होतं. आणि नेमका त्याआधीचा शनिवार मिरच्यांचा निघाला.

सप्टेंबरात आपल्याकडे काय चालतं ते तुम्हाला वेगळं काय सांगू? हिवाळ्याच्या बरण्या भरायच्या म्हणून बाल्कनीबाल्कनीत मिरच्या भाजायचा चुश्कोपेक. मातीचं मडकं, आत तापलेली कॉईल, एकेक लाल मिरची सोडायची, साल सुटलं की काढायची. दुकानातला चुश्कोपेक वापरणं मला कमीपणाचं वाटलं. मी स्वतः बनवला. माझ्या मडक्यात मिरची बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची. आई म्हणाली, "स्तानी, जरा ताप कमी कर की रे."

आता ताप कशामुळे? तारेच्या प्रतिकारामुळे. मग प्रतिकार कमी केला की ताप कमी, बरोबर? दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी हसू नये, तुमचे पेपर मी तपासलेत. मी कॉईलचा तुकडा कापला. पुढची मिरची जास्तच जळली. म्हटलं, अजून कापायला हवी. कापली. मडकं लालबुंद झालं, आई बाल्कनीतून आत पळाली आणि आमच्या अख्ख्या जिन्याची वीज गेली.

माझ्या घरचा फ्यूज आधी का उडाला नाही? त्यात मी जाड वायर गुंडाळली होती. कुणाकुणाच्या घरी अशी वायर आहे, हात वर करा. नको, राहू द्या, शिक्षणाधिकारी बसल्यात.

सोळा घरं, सोळा पाट्या अर्धवट भाजलेल्या मिरच्या, आणि सगळ्या बायका जिन्यात. बाई आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत. त्या ॲप्रनवरच बाहेर आल्या, हातात तारेला चिमट्यासारखा धरून अँपिअर मोजायचा टाँग टेस्टर. मुख्य फ्यूज बदलून त्यांनी हुकूम सोडला, "सगळ्यांनी बंद करा. मी एकेक घर तपासणार." आणि जिन्याच्या भिंतीवर खडूने लिहायला लागल्या. दोनशेवीस व्होल्ट, चार अँपिअर. भागा, पंचावन्न ओहम. गुणा, आठशे ऐंशी वॅट. पुढचं घर!

आमच्या चौथ्या मजल्यावर बाई पोचायच्या आत आई माझ्या कानाशी म्हणाली, "तो राक्षस न्हाणीघरात टाक, आजीचा जुना लाव." मी लावला. बाईंनी मोजलं, चार अँपिअर. बाल्कनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आकडा लिहिला आणि निघून गेल्या. मला वाटलं, सुटलो.

पण गुन्हेगार सापडेना, तेव्हा सगळ्या बायका तळमजल्यावरच्या मिलुशकाकांवर तुटून पडल्या. त्यांचा चुश्कोपेक दोन तोंडांचा होता ना! "म्हातारा दोन-दोन भाजतो आणि आम्ही हात चोळत बसायचं?" काका म्हणाले, "अगं, वार्नाला लेक आहे माझी, तिलाही बरण्या लागतात." ठराव झाला की काकांनी आज भाजायचं नाही. काका वायर गुंडाळू लागले. मी वरून कठड्यावर वाकून पाहत होतो, ते मला बघवेना. सोमवार डोळ्यांसमोर होता, तरी बघवेना.

"बाई, थांबा!" म्हणत मी तो राक्षस पोटाशी धरून चार मजले उतरलो. बाईंनी मोजला. दहा अँपिअर. बावीस ओहम. दोन हजार दोनशे वॅट!

"एवढीशी कॉईल का?" बाईंनी विचारलं.

मित्रहो, लबाडी कबूल करणं त्यामानाने सोपं. पण 'प्रतिकार कमी केला की ताप कमी होईल असं वाटलं' हे वीजतंत्राच्या बाईंसमोर बोलायचं! मी बोललो. जमलेल्या बाकीच्या बायकांपैकी एकीलाही ओहम म्हणजे काय ठाऊक नव्हतं, तरी मी केवढी घोडचूक केली ते सगळ्यांना कळलं, कारण बाईंनी डोळे मिटून घेतले.

मग त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "मांड. सगळ्यांसमोर." मी मांडलं. भिंतीतले व्होल्ट तेवढेच, प्रतिकार घटला, अँपिअर वाढले, म्हणून वॅट वाढले.

"मग किती कापायला हवी होती, मास्तर?"

"कापायची नव्हती बाई. वाढवायची होती."

मिलुशकाका मला म्हणाले, "तोवर माझ्या दुसऱ्या तोंडात तुमच्या मिरच्या भाजून देऊ का?"

सोमवारी अहवाल गेला. तो मला कितीतरी वर्षांनी कचेरीत वाचायला मिळाला. बाई, तुमची परवानगी न घेता वाचतो. "कॉईल कापण्याआधी हिशेब करत नाहीत, ते शिकवता येईल. बाल्कनीच्या फरशीवर जळका डाग मला आधीच दिसला होता. मी वाट पाहिली. कुणी पकडलेलं नसताना ते स्वतः खाली आले. ते मला शिकवता आलं नसतं. कायम करावे."

बाई, तुम्ही वाट पाहिलीत. त्याबद्दल आज सगळ्यांसमोर तुमचे आभार मानतो. अध्यक्षांनी आणि आपण सर्वांनी पाच मिनिटांची बारा होऊ दिलीत, त्याबद्दल तुमचेही. बोलण्यात काही चुकलं असेल तर उदार मनाने पोटात घाला. आणि आकड्यात चुकलं असेल, तर बाई, खडू फळ्यापाशीच ठेवलाय.