तेवीस वर्षांचं जुनं दुखणं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील ज्येष्ठ वकील मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती आदरणीय वकीलबाई, त्यांचे धाकटे सहकारी आणि समोर बसलेल्या माझ्यासारख्या सर्व पक्षकार बंधू-भगिनींनो,

मी भाषण करणारा माणूस नाही. दहावीनंतर माझी शाळा सुटली आणि तेव्हापासून मी शिक्क्यांच्या दुकानात काम करतो. रबरी शिक्के, दारावरच्या पाट्या, सन्मानचिन्हं. बाईंना आता जे सन्मानचिन्ह दिलं, त्यावरची अक्षरं मी कोरलेली आहेत. ती चार वेळा तपासली आहेत, तरी कुणाला चूक दिसली तर कार्यक्रम संपल्यावर बाजूला घेऊन सांगावं. मंडळींनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी घरी वाचून पाहिलं तेव्हा नऊ लागली होती. अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

गेल्या वर्षी ९ सप्टेंबर, सोमवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. मी एका शिक्क्याचा मजकूर जुळवत होतो. शिक्क्यात अक्षरं उलटी लावावी लागतात, त्यामुळे त्या वेळी मी कुणाशी बोलत नाही. टपालवाल्याने पाकीट ठेवलं. वर विमा कंपनीचं नाव होतं. मला वाटलं, पैसे आले.

पैसे नव्हते. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हृदयाच्या इलाजाचे तीन लाख बेचाळीस हजार सहाशे रुपये देता येत नाहीत, असं पत्र होतं. कारण दिलं होतं की, विमा उतरवताना रुग्णाने तेवीस वर्षांपासूनचा आजार लपवला. पुढची ओळ मला पाठ आहे. ‘सदर नोंद रुग्णाच्या मुलाने स्वतःच्या हस्ताक्षरात दुरुस्त करून त्यावर सही केलेली आहे.’

तो मुलगा मी.

आता हे कसं घडलं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मला लबाड समजाल. अण्णा शिवणयंत्रं दुरुस्त करतात. १४ जुलैला त्यांच्या छातीत कळ आली. मी आणि ताईने त्यांना रिक्षात घालून रुग्णालयात नेलं. चाकाच्या खुर्चीत बसवलं. दाखल करून घेणाऱ्या खिडकीतल्या मुलीने फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, पत्ता. मग तिने विचारलं, काही जुनं दुखणं? अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण त्यांनी अंगठ्याने माझ्याकडे दाखवलं आणि म्हणाले, “आहे की. हे काय, मागे उभंय. तेवीस वर्षांचं.”

आमच्या घरात मला हेच नाव आहे. मी कुलूप लावून तीनदा ओढून पाहतो, गॅस बंद केला का ते जिन्यावरून परत येऊन बघतो, म्हणून लहानपणापासून अण्णा मला ‘माझं जुनं दुखणं’ म्हणतात. ताई त्या परिस्थितीतही हसली. खिडकीतली मुलगी मात्र हसली नाही. आमच्यामागे रांग होती. तिने मान खाली घातली आणि लिहिलं, जुने दुखणे, तेवीस वर्षे.

आणि मित्रहो, तिने ‘जूने’ लिहिलं. ज ला दीर्घ. ‘दूखणे’, द लाही दीर्घ. कागद सहीसाठी माझ्या हातात आला. वडील खुर्चीत घामाने भिजलेले, आणि मी काय केलं असेल? मी तिचं पेन मागितलं, दोन्ही उकार ऱ्हस्व केले आणि खाडाखोडीशेजारी छोटी सही केली. आमच्या दुकानात मालकांनी तशी शिस्तच लावली आहे, दुरुस्ती केली की सही. मी ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. अर्थ पाहिला नाही.

त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं की, दोन रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत. एक आज मोकळी केली. दुसरी सहा महिन्यांच्या आत करावीच लागेल, उशीर केलात तर मी जबाबदार नाही. अण्णांनी घरी आल्यावर हिशेब मांडला. पहिलीचे पैसे कंपनीकडून आले की दुसरी करू, त्याआधी नाही. पोरांना कर्जात घालून मला जगायचं नाही. अण्णा एकदा बोलले की यंत्राची सुई वाकेल, ते वाकणार नाहीत.

अशा माणसाला ते पत्र कसं दाखवायचं? मी ते दुकानात रबराच्या पत्र्यांखाली ठेवलं. अण्णा रोज विचारायचे, आलं का काही? मी रोज सांगायचो, येतील, वेळ लागतो. ते न्हाणीघरात गेले की मी बाहेर उभा राहून पाण्याचा आवाज ऐकायचो. आवाज थांबला की दाराची कडी वाजवायला हात उचलायचो. तांब्या पुन्हा वाजला की मी तिथून निघायचो. सतरा दिवस असं चाललं. मग ताईला पत्र सापडलं. तिने मला फार बोलून घेतलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. शेवटी म्हणाली, चल, वकील बघू.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. व्यासपीठावरील मंडळींनी राग मानू नये, पण बाईंच्या कार्यालयाचा जिना चढताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. दुसरा मजला, लाकडी बाक, दोऱ्यांनी बांधलेल्या फायली छतापर्यंत. बाईंनी पत्र वाचलं, फॉर्मची प्रत पाहिली आणि विचारलं, ही दुरुस्ती कुणाची? मी म्हणालो, माहीत नाही. का म्हणालो, ते मला आजही सांगता येणार नाही. ताई माझ्याकडे बघत राहिली.

बाईंनी खण उघडला. एक कोरा कागद पुढे केला, म्हणाल्या, तुझा पत्ता लिही. मी लिहिला. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “दोन्हीकडचा उकार एकाच शाळेत गेलेला दिसतोय.”

मग मी सगळं सांगितलं. मला तुरुंगात टाकतील का, असंही विचारलं. बाई म्हणाल्या, तुरुंगात जायला एवढं शुद्ध लिहावं लागत नाही. इथे हसलात तरी चालेल, मला तेव्हा हसू आलं नव्हतं. पण पुढचं बोलणं त्याहून अवघड होतं. त्या म्हणाल्या, तेवीस वर्षांचं दुखणं म्हणजे मुलगा, हे मी सांगून चालणार नाही, तू सांगून तर नाहीच. जो बोलला त्यानेच येऊन सांगायला हवं. आजच्या आज वडिलांना सांग.

मी बाईंना विनवलं. त्यांना धक्का बसला तर? बाई म्हणाल्या, आणि सुनावणीत कंपनीच्या वकिलाकडून कळलं तर?

घरी आलो तेव्हा अण्णा एका यंत्राला तेल घालत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी तेलाच्या कुपीचं झाकण लावलं. फडक्याने हात पुसले, एकेक बोट. म्हणाले, “म्हणजे पैसे आलेलेच नाहीत.” मी म्हणालो, नाही. “आणि तू रोज येतील म्हणत होतास.” मी हो म्हणालो. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्या दिवसापासून ते मला माझ्या नावाने हाक मारू लागले. पाणी आण रे, आणि पुढे नाव. पाहुण्यांसमोर मारतात तशी. सभ्य गृहस्थहो, मला विमा कंपनीची भीती वाटत होतीच. पण त्या हाकेची जास्त वाटली.

बाईंनी ग्राहक आयोगात तक्रार लावली आणि रुग्णाची प्रकृती पाहून लवकरची तारीख मागून घेतली. १८ नोव्हेंबर. मी आदल्या दिवसापासून जेवलो नव्हतो. बाईंनी माझ्या जन्माचा दाखला लावला होता, दाखल होण्याच्या दिवशी माझं वय तेवीस. विमा उतरवताना कंपनीच्याच डॉक्टरांनी अण्णांना तपासून ‘हृदय निर्दोष’ लिहिलं होतं, तो कागदही त्यांनी कुठून तरी मिळवला. कंपनीचे वकील फार हळू बोलणारे होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला. छातीत कळा येत असताना, खुर्चीत बसून, कोण माणूस थट्टा करतो?

मला तो प्रश्न अगदी बरोबर वाटला. मी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं, त्या उठून काहीतरी जोरात म्हणतील. त्या बसून राहिल्या. त्यांनी फक्त अण्णांना मान हलवून खूण केली. निवाडा करणारे साहेब अण्णांना म्हणाले, तुम्ही सांगा.

अण्णा कठड्याला धरून उभे राहिले. म्हणाले, “साहेब, मी घाबरलो होतो. घाबरलो की मी थट्टा करतो. या पोराला घाबरायची सवय आहे. मी घाबरलेला दिसलो असतो, तर हा तिथेच कोसळला असता.” मग म्हणाले, “ते दुखणं नाही साहेब. मुलगा आहे.”

मी खाली पाहत होतो. बाईंनी फाईल बंद केल्याचा आवाज ऐकला.

जिना उतरताना अण्णा तिसऱ्या पायरीवर दम खायला थांबले. मला वाटलं, झालं. त्यांनी माझा खांदा धरला आणि म्हणाले, दुसऱ्या इलाजाची तारीख घे. मी म्हटलं, अजून निकाल नाही, पैसे नाहीत. म्हणाले, घे म्हटलं ना, जुन्या दुखण्या.

२० डिसेंबरला निकाल लागला. कंपनीने व्याजासह सगळी रक्कम द्यावी. पेढे वगैरे मी वाटले नाहीत आणि बरंच केलं, कारण नवव्या दिवशी कंपनीने वरच्या ठिकाणी अपील केलं. त्याची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे, आणि बाई आजपासून काम थांबवत आहेत. हे ऐकलं त्या दिवशी मी पुन्हा तो जिना चढलो होतो. बाई म्हणाल्या, माझे गुडघे आता कोर्टाचे जिने चढत नाहीत, पण तुझी फाईल मी स्वतः लावून ठेवली आहे. धाकटे वकीलसाहेब इथे व्यासपीठावर आहेत, म्हणून खरं तेच सांगतो. त्यांच्या पहिल्या पत्रात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मी ते पत्र तीनदा वाचलं. अर्थ बरोबर होता. मी काही दुरुस्त केलं नाही.

माझ्या आधी बोललेल्या सगळ्यांनी सांगितलं की, बाईंचं ऋण फिटणारं नाही. ते मोठे लोक आहेत, त्यांचं ऋण तसंच असेल. माझं सहा हजारांचं आहे आणि ते मी फेडणार आहे. प्रत्येक भेटीला खर्चाचा कागद बरोबर आण, अशी बाईंची ताकीद असायची. तेव्हा आजचाही आणला आहे.

पहिला इलाज, तीन लाख बेचाळीस हजार सहाशे. बाईंची फी ठरली पंधरा हजार, दिली नऊ हजार. अर्ज, नकला, शपथपत्र मिळून दोन हजार तीनशे चाळीस. दुसऱ्या इलाजासाठी आज दुपारी भरलेली अनामत ऐंशी हजार, त्यातले चौतीस हजार अण्णांनी दोन यंत्रं विकून आणले, मला न विचारता. आजवर एकूण खर्च चार लाख तेहेतीस हजार नऊशे चाळीस.

बाई, तुम्ही मला खोटं बोलू दिलं नाहीत, त्याबद्दल मी आपला आभारी आहे. आयोजकांचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या सर्वांचे आभार. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर लहान समजून पोटात घाला. मी जेवायला थांबत नाही, त्याचाही राग मानू नका. अण्णांना आज दाखल केलं आहे, ताई त्यांच्याजवळ बसली आहे आणि उद्या सकाळी आठला त्यांना आत नेतील. सहा महिने पूर्ण व्हायला एक दिवस बाकी आहे.

देणं असं आहे. ताईचे एक लाख. दुकानाच्या मालकांचे अठ्ठ्याण्णव हजार सहाशे. बाईंचे सहा हजार. एकूण दोन लाख चार हजार सहाशे. कंपनीकडून आजपर्यंत आलेले, शून्य.