घेंटपासून उभ्यानं

"कुणाचा विश्वास बसणार नाही, गोडेलिव्हबाई, पण रविवारी घेंटपासून समुद्रापर्यंत आणि परत, अख्खा रस्ता मी उभ्यानं सायकल मारली! तुमच्या या सीटनं मला निघताच सोलून काढलं!"

सायकलच्या दुकानातली रांग ऐकत होती. गोडेलिव्हचं डोकं भडकलं.

"गादीवाल्या शॉर्ट्सच्या आत चड्डी घातली असणार, फिर्मिन! तिची शिवण सोलते, माझी सीट नाही."

"चाळीस वर्षं सायकल मारतोय! आत काही नव्हतं! सीट बदलून द्या, नाहीतर सायकल क्लबातला एकही माणूस तुमची पायरी चढणार नाही."

"धमकी कुणाला देता?"

तेवढ्यात फिर्मिनच्या मागून त्याची बायको मारिएत करवादली, "मग सोमवारी मी जिच्यावरचे रक्ताचे डाग घासत बसले, ती चड्डी कुणाची रे? शेजाऱ्याची?"