कोसळेपर्यंत जरा सरकून बसा

ऊन म्हणजे त्या दिवशी असं लख्ख पडलं होतं, तुम्हाला सांगतो, जसं काही कोणी धुऊन पिळून दोरीवर वाळत घातलंय! आदला सगळा आठवडा आभाळ तोंड पाडून बसलेलं, धड पाऊस नाही, धड वारा नाही, नुसता मळकट उजेड, आणि मळकट उजेडात रफू करायचा म्हणजे मांजराच्या अंगावरचा एकेक केस मोजण्यातला प्रकार… आणि मग तो दिवस उगवला, की काळ्यातला काळा आणि निळ्यातला काळा हातभर लांबून वेगळा सांगावा! आणि नेमका तोच दिवस सापडला हो यांना मला जिन्याखालून उठवायला? ढगाळ दिवशी उठवलं असतं तर मी हूं की चूं केलं नसतं. तसं मी लख्ख उन्हातही हूं की चूं केलं नाही म्हणा… पण ती गोष्ट वेगळी.

थांबा, नीट सांगतो. मला घाईनं सांगता येत नाही, आमचा धंदाच तसा सावकाशीचा. मी रफूवाला. कोटाला विडीचं भोक पडलं, शालीला कसर लागली, पाटलूण खिळ्याला अडकून टरकली, की माझ्याकडं यायचं. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा उपसायचा, उभा धागा उभ्यात, आडवा आडव्यात, एक वर एक खाली असा विणत जायचं, आणि शेवटी गिऱ्हाइकानं कपडा उलटासुलटा करून विचारायचं, "अहो, भोक होतं कुठं?" हे विचारलं की आपण भरून पावलो! रफू दिसला तर तो रफू नव्हे, ठिगळ. आणि याला लागतो उजेड. दिव्याचा नव्हे. दिवा खोटं बोलतो. दिव्याखाली काळा आणि गर्द निळा म्हणजे एका आईची लेकरं. याला लागतो आभाळाचा उजेड, आणि तो आमच्या इमारतीत एकाच जागी, जिन्याखाली! तिथं दाराशेजारी वर काचेचा झरोका आहे, त्यातून जो उजेड येतो तो इकडं नाही तिकडं नाही, सरळ माझ्या मांडीवर. इमारतीचा जुना मालक एकदा म्हणाला, "बैस रे इथं, दारावर नजर राहील," म्हणून बसलो, तो बसलोच. त्यानं लिहून दिलं नाही, मी मागितलं नाही. मी म्हटलं, बरं.

तर पडझडकाका. तिसऱ्या मजल्यावर राहतात, बँकेत होते, आता निवृत्त. वयानं माझ्याहून बरेच लहान, पण अख्खी इमारत काका म्हणते म्हणून मीही म्हणतो. माणूस सोन्यासारखा, फक्त तोंडात एकच. तुम्ही म्हणा, "काय काका, कसं काय?" ते म्हणणार, "पडणार! सगळं पडणार!" म्हणा, "जेवण झालं का?" "आज झालं हो, पुढचं कोणी सांगावं!" मोबाइल कानाला नाहीतर डोळ्याला, त्यात कोणीतरी माणूस दिवसभर ओरडत असतो, तो ओरडायचा थांबला की हे सुरू. जिन्याच्या कठड्यावरून माझ्या डोक्यावर वाकून सांगायचे, "आजोबा, नोटांची रद्दी होणार! बँका आतून कडी लावून घेणार! नोकऱ्या जाणार, दुकानं ओस पडणार, सगळं धाडकन कोसळणार, लिहून ठेवा!" मला कुठलं आलंय लिहायला? आणि बँकेत तरी मी जन्मात एकदाच गेलो, तोसुद्धा तिथल्या साहेबांचा कोट परत द्यायला. मी म्हटलं, बरं.

पण इमारतीला लागलं ना ते! शिंकेसारखं लागलं, एकानं केलं की दुसरा रुमाल काढतोय. पहिल्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई, एरवी किती शांत, त्या दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धापा टाकत आल्या. "आजोबा, मुलाच्या पँटी घेऊन ठेवल्या हो! पुढं म्हणे कापडच मिळणार नाही. ही पुढच्या वर्षीची, ही त्याच्या पुढची, आणि ही कॉलेजातली…" मुलगा सहावीत! मी म्हटलं, "बाई, उंचीचं आलं लक्षात, पण तो अंगानं तुमच्यावर जाईल की त्याच्या वडलांवर, हे कसं धरलंत?" तर म्हणाल्या, "म्हणून तर दोन्ही मापाच्या घेतल्या!" आता बोला!

आणि मीठ! अख्ख्या इमारतीनं मिळून कोपऱ्यावरच्या दुकानातलं मीठ उचललं. दुसऱ्या दिवशी पडझडकाका त्या रिकाम्या फळीचा फोटो काढून सगळ्यांना दाखवतायत, "बघा! सुरुवात झाली! मीठ संपलं!" दुकानदार बिचारा हात जोडून म्हणतोय, "काका, ते काल तुम्हीच नेलंत की हो!" तर काका त्याच्यावरच उखडले, "मी नेलं म्हणून वाचलं! नाहीतर दुसऱ्यानं नेलं असतं!" मी तर खडेमीठ आणायला गेलो होतो, तसाच परत आलो.

आता गंमत ऐका. या सगळ्यात माझा भाव वधारला! काका एकदा चारचौघांत म्हणाले, "कोसळल्यावर डिग्रीला कोण विचारतंय? नवं कापड नाही, म्हणजे जुनंच जपायचं. हातात कला तोच राजा! आपल्या इमारतीत राजा कोण? आजोबा!" झालं! जो तो जाता-येता मला नमस्कार करायला लागला. दुसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब, ज्यांनी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं, ते वाकून म्हणाले, "आजोबा, कोसळल्यावर पहिला नंबर आमचा हं! शब्द द्या." मी दिला. मग बाईंनी मागितला, त्यांनाही दिला. सगळ्यांनाच पहिला नंबर दिला, कोणाला नाही म्हणणार? आणि मी विचारायचो, "आज आहे का काही फाटलेलं?" तर म्हणायचे, "छे छे, आज कसलं! आता सगळं नवंच भरून ठेवलंय." म्हणजे कोसळल्यावर राजा, आणि कोसळेपर्यंत? माशा मारतोय! घरी जाऊन हिला सांगितलं, "अगं, मी राजा होणार आहे म्हणे." ही म्हणाली, "व्हा. पण राजेसाहेब, आधी ती बादली भरून ठेवा, नळ जाईल."

तर घराघरांत सामान मावेना. पलंगाखाली तांदूळ, कपाटात तांदूळ, वकिलांच्या न्हाणीघरात डाळ! मग यांची गच्चीवर बैठक झाली, की सगळ्यांचा एकत्र साठा करायचा, कोरड्या जागी, दाराजवळ, नजरेसमोर. आता अशी जागा कुठली? आलं लक्षात?

तो लख्ख उन्हाचा दिवस. माझ्या मांडीवर एका गिऱ्हाइकाच्या लग्नातला जुना शालू, असा काही धागा जुळला होता तुम्हाला सांगतो, की मलाच माझा टाका सापडेना! आणि हे तिघं समोर उभे राहिले ते नेमके उजेडात. काका, वकील, बाई. काका म्हणाले, "आजोबा, हे सगळं तुमच्याचसाठी चाललंय." मला तेव्हाच कळायला हवं होतं! कोणी तुमच्यासाठी काही करायला निघालं की समजावं, उठायची वेळ झाली. वकील म्हणाले, "साठ्यात तुमचाही वाटा धरलाय." बाई म्हणाल्या, "कायमचं नाही हो. कोसळेपर्यंत जरा सरकून बसा." मी म्हटलं, "सरकतो की. किती?" तर काकांनी बोट दाखवलं… आत. मीटरच्या पेट्यांच्या पलीकडं, पाण्याच्या पंपाशेजारी! अहो, तिथं दुपारी बारा वाजता मांजर भिंतीवर आपटतं! तोंडाशी आलं होतं, की माझा उजेड तेवढा राहू द्या. पण तिघंही इतक्या प्रेमानं बघत होते… मी म्हटलं, बरं.

मग पोती आली. एकावर एक, एकावर एक, पार झरोक्यापर्यंत! उजेड गेला. माझ्यासाठी एक दिवा टांगला, तो पंप सुरू झाला की मिचमिच करतो. बाहेर दारात बसून पाहिलं, तर वारा धागे उडवतो आणि एक कुत्रं लोकांच्या शालीवर येऊन झोपतं. गच्चीवर जावं, तर गुडघे नाही म्हणतात. आत दिव्याखाली बसलो, आणि वकीलसाहेबांचा काळा कोट हाती आला, आणि मी… कसं सांगू… त्यात गर्द निळा धागा भरला. मला काळाच दिसला हो! कोर्टात उन्हाच्या खिडकीशी उभे राहिले, मागून कोणी विचारलं, "वकीलसाहेब, पाठीवर हे काय चिकटलंय?" जन्मभर मी असं काम केलं की कोणाला दिसू नये, आणि पहिल्यांदा लोकांना माझं काम दिसलं ते असं! ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "असू दे आजोबा, वय झालं." वय नाही हो साहेब, पोती झाली! असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, बरं. पुढचा कोट त्यांनी दुसरीकडं दिला. शालूवाली शालू परत घेऊन गेली, रफू अर्धाच झालेला.

ही म्हणाली, "अहो, तोंड दिलंय ना देवानं? मागा जागा!" मी म्हटलं, "मागतो. जरा महिना सरू दे, या महिन्यात कोसळणार आहे म्हणे." महिना सरला. काका म्हणाले, "पुढच्या महिन्यात." तोही सरला. "वर्षअखेरीला, अगदी पक्कं!" वर्ष सरलं. नोटा चालतायत, बँका उघड्या, दुकानदाराकडं मिठाची फळी भरलेली. उंदरांना मात्र थांबायचं कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी पोत्यांना हात घातला. भोकंच भोकं! तांदळाची धार लागली जिन्याखाली. आणि मग सगळे कोणाकडं आले असतील?

"आजोबा, जरा रफू…"

तागाच्या पोत्याला रफू! ज्या हातांनी शालू सांधला, त्या हातात दाभण! आणि मजुरी? "साठ्यात तुमचा वाटा आहेच की!" आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? भोकं तशीच ठेवली असती, तर उंदरांनीच पोती रिकामी करून माझा उजेड मला परत दिला असता! कळत होतं हो! पण फाटलेलं समोर दिसलं की हात ऐकत नाही. बसलो आणि एकेक भोक सांधलं, ते असं, की काका दुसऱ्या दिवशी पोत्यावरून हात फिरवून विचारतात, "अहो, भोक होतं कुठं?" मला इतकं बरं वाटलं… आणि घरी हिला सांगितलं तर ही कपाळाला हात लावून म्हणाली, "धन्य आहे! स्वतःची खिडकी स्वतःच शिवून आलात!"

मग मात्र मी गेलो. तिसरा मजला, कठडा धरून, प्रत्येक वळणावर टेकत, आणि मनात घोकत, की आज बरं म्हणायचं नाही, आज बरं म्हणायचं नाही. काकांनी दार उघडलं. मी म्हटलं, "काका, ते कोसळायचं… साधारण कधीपर्यंत?"

"का हो? घाबरलात?"

"नाही, ती माझी जागा…"

"जागा तुमचीच! पण आत्ता पोती काढून खाल्ली, तर कोसळल्यावर काय खाणार? एकदा कोसळू द्या, आठवड्यात बघा, लोक तुटून पडतील, पोती रिकामी, झरोका मोकळा, उजेड तुमच्या मांडीवर!"

खोटं नव्हतं हो त्यांचं. तिथंच तर मी अडकलोय! जन्मभर फाटलेलं जोडत आलो, आणि आता रोज सकाळी दार उघडून बघतो, कुठं काही पडलंय का. काही नाही. दूधवाला येतो, पेपर येतो, पोरं शाळेत जातात, सगळं आपलं जिथल्या तिथं… काय करावं माणसानं?

मी जरा धीर करून विचारलं, "आणि काका, नाहीच कोसळलं तर?"

काकांनी डोळ्यापुढचा मोबाइल खाली केला. हा विचार त्यांच्या मनातच आलेला नव्हता. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आवाज अगदी मऊ केला, घरात कोणी आजारी असलं की करतात ना तसा, आणि म्हणाले, "असा धीर सोडू नका हो आजोबा. कोसळेल… आज ना उद्या, पण अगदी नक्की कोसळेल!"